झाकलेला हात

"फ्राउ मोकल, शुक्रवारी दुपारी फोटोग्राफर येणार आहे. तोपर्यंत मला तो हात दिसायला हवा," फ्राउ डॉक्टर ब्रोकमान म्हणाल्या आणि त्यांनी वरचा रंग पुसायच्या कापसाच्या बोळ्यांची बरणी माझ्यापुढे सरकवली.

तो सोमवार होता. मी बरणीकडे पाहिलं, मग टेबलावर आडव्या ठेवलेल्या चित्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला आधी खात्री करून घ्यायची आहे."

"खात्री मी केली आहे. वीस वर्षं तेच करते आहे."

हे खरंच होतं. जर्मनीतल्या त्या छोट्या संग्रहालयाच्या दुरुस्ती विभागाच्या त्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर आलेली पेणची मुलगी. शिष्यवृत्ती जूनमध्ये संपत होती. पुढे राहायचं तर त्यांच्या शिफारशीचं पत्र लागणार होतं. मला राहायचं होतं, अगदी जिवापाड राहायचं होतं. पण आमच्या घराण्यात हट्ट वारशाने येतो आणि नको तिथे उफाळतो.

चित्र ओकच्या लाकडावर काढलेलं होतं, खोलीच्या दाराएवढं उंच. हार्डेनस्टेट नावाच्या गावातल्या चर्चमधून ते आलं होतं. सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचं. सोनेरी पार्श्वभूमीवर सिंहासनावर बसलेला ख्रिस्त, दोन्ही बाजूंना हिरव्या पंखांचे दोन देवदूत. ख्रिस्ताच्या उजव्या हातात काचेचा गोल, म्हणजे अवघं जग. डावा हात मात्र दिसतच नाही. लाल झग्याचा एक भरदार पदर कोपरापासून खाली आलेला आणि हात त्याच्या आत. चित्रकाराचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून पुस्तकांत त्याला 'झाकल्या हाताचे मास्टर' म्हणत.

दोन आठवड्यांपूर्वी आम्ही त्यावर इन्फ्रारेड कॅमेरा फिरवला. रंगाच्या खाली कोळशाने केलेलं रेखाटन असतं, ते या कॅमेऱ्याला दिसतं. लाल पदराच्या खाली एक पुरा हात निघाला. वर उचललेला, दोन बोटं ताठ, दोन मिटलेली. आशीर्वाद देणारा हात. नुसतं रेखाटन नव्हे, रंगवून पूर्ण केलेला हात. फ्राउ डॉक्टर पडद्यासमोर उभ्या राहिल्या त्या बसल्याच नाहीत.

"ही बोटं बघा," त्या म्हणाल्या होत्या. "लांबसडक, पेरं कशी मोजून घ्यावीत अशी. आपल्या भागात त्या काळी असा हात कोणी काढत नव्हतं. आपल्याकडची बोटं म्हणजे सॉसेज! हा हात फ्लेमिश आहे. हा माणूस तिकडे बेल्जियममध्ये ब्रुजला गेला होता, तिथल्या मोठ्या चित्रकारांकडे शिकला होता. मी वीस वर्षं हेच सांगते आहे."

त्यांची एक निळी फाइल होती. ती त्यांच्या उजव्या काखेत कायम असे, जेवायला जातानासुद्धा. तिच्यावर जाड अक्षरांत लिहिलेलं होतं: 'ब्रुजहून परतलेला चित्रकार'. आता प्रदर्शन भरणार होतं, पुस्तक निघणार होतं आणि त्याच्या मुखपृष्ठावर तो हात हवा होता.

"पण तो डावा आहे," मी म्हणाले होते.

"तेच तर धाडस! जग पाहिलेल्या माणसाचं धाडस. मग दोनशे वर्षांनी कोणीतरी भित्रा पाद्री आला आणि त्याने त्यावर पदर घालून घेतला."

मी तेव्हा मूग गिळून बसले. पण मला ते पटलं नव्हतं. साऱ्या युरोपातला ख्रिस्त उजव्या हाताने आशीर्वाद देतो. देवाच्या बाबतीत डावं-उजवं कोणी धाडस म्हणून करत नाही. ते होऊन बसतं, आणि ज्याच्या हातून होतं त्याची झोप उडते. हे मला पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

मंगळवारी मी बोळ्यांची बरणी उघडलीच नाही. इन्फ्रारेडची सगळी छायाचित्रं भिंतीवर लावली आणि भिंग घेऊन बसले. बाराच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की हाताची रेघ ही रेघच नव्हती. ते ठिपके होते. मोहरीहून बारीक काळे ठिपके, एकामागोमाग एक, आणि चित्रकाराने ते नंतर जोडलेले.

मला हसूच फुटलं. आमची आई दिवाळीच्या आधी वर्तमानपत्राला पेटत्या उदबत्तीने भोकं पाडत बसायची. तो कागद अंगणात अंथरायचा, वरून रांगोळी पसरून हात फिरवायचा, कागद उचलला की खाली ठिपके तयार. या चित्रकारांचीही तीच रीत होती. चांगलं चित्र मिळालं की त्याच्या रेघांवर सुईने भोकं पाडायची, कागद फळीवर धरायचा आणि कोळशाच्या पुडीची पोटली वरून आपटायची. असे कागद कामगारांबरोबर गावोगाव हिंडत. आणि असा कागद दोन्ही बाजूंनी चालतो. आईच्या कागदाची सुलटी बाजू कोणती हे आम्हा बहिणींना कधीच कळलं नाही.

मी दोन्ही देवदूतांची छायाचित्रं घेतली. एक पारदर्शक कागदावर उतरवला, उलटा केला आणि दुसऱ्यावर ठेवला. ठिपक्यावर ठिपका बसला. डावीकडचा देवदूत झाल्यावर त्याने कागद उलटून उजवीकडचा केला होता. आणि त्याच तंद्रीत ख्रिस्ताचा कागदही उलटाच धरला होता. कागदावर उजवा हात आशीर्वाद देत होता आणि डाव्यात गोल होता. फळीवर सगळं फिरलं.

मी धावतच फ्राउ डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"समजा, कागद उलटला," त्या म्हणाल्या. "तरी तो कागद त्याने ब्रुजला जाऊनच टोचला असेल."

"किंवा कागदच इकडे आला असेल, फ्राउ डॉक्टर. कोणा कामगाराच्या पिशवीतून."

त्यांचा चेहरा आवळला. "आणि पदर? तो कोणी घातला?"

"मला वाटतं, त्यानेच."

"वाटतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फ्राउ मोकल, वाटण्यावर संग्रहालय चालत नाही. मूळ चित्रकाराचा रंग असेल तर मी त्याला बोट लावणार नाही, हा माझा नियम आहे. नंतरच्या कोणाचा असेल तर तो काढायचा, हाही माझाच नियम आहे. शुक्रवार दुपार. पुरावा आणा, नाहीतर हात आणा."

बुधवारी हेर लामर्स आले, म्हणजे लामर्ससाहेब. ते हार्डेनस्टेटच्या चर्चचे सेवेकरी. घंटा वाजवणं, मेणबत्त्या बदलणं, कुलपं लावणं, सगळं त्यांच्याकडे. वय सत्तरीच्या पुढे. दर बुधवारी बस धरून ते चित्र पाहायला येत, दवाखान्यात ठेवलेल्या माणसाला भेटायला यावं तसे. येताना बायकोने केलेला केक आणत आणि टोपी हातात धरून टेबलापाशी उभे राहत.

"हात काढणार, असं ऐकलं," ते म्हणाले.

"काढणार नाही, उघडा करणार. तुमच्या पाद्रीसाहेबांनी परवानगी दिली आहे."

"ते नवीन आहेत. त्यांना आमचा हाताचा रविवार माहीत नाही."

"हाताचा रविवार म्हणजे?"

म्हातारबाबांनी टोपी फिरवायला सुरुवात केली. "ईस्टरनंतरचा पहिला रविवार. आमचा प्रभू हात झाकून बसलाय, आशीर्वाद देत नाही. का देत नाही? तर म्हणतो, आता तुमची पाळी. मग त्या दिवशी आम्ही त्याच्यासमोर जोडी-जोडीने उभे राहतो आणि एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवतो. ज्याच्याशी वर्षभर पटलं नाही, त्याच्याच समोर उभं राहायचं, असा दंडक आहे. युद्ध संपलं त्या वर्षी माझ्या समोर कोण होतं, ते मी सांगणार नाही. पण हात ठेवला त्याने. मीही ठेवला."

मी पदराकडे पाहिलं.

"तो हात दिसला की संपलं सगळं," ते म्हणाले. "देव द्यायला लागल्यावर माणसं कशाला देतील?"

आमच्याकडे एक म्हण आहे, हात दाखवून अवलक्षण. ती त्यांना जर्मनमध्ये समजावून सांगायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. केक मात्र खाल्ला. हेर लामर्स निघाले तेव्हा मी त्यांना कसलंही वचन दिलं नाही. देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. पण ते गेल्यावर मी बोळ्यांची बरणी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. आता माघार नाही, एवढं ठरलं.

पुरावा शोधायचा तर कुठे? पदराच्या रंगाचा टाचणीच्या टोकाएवढा कण काढून मी आदल्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. हात आणि पदर यांच्यामध्ये काजळी नव्हती, धूळ नव्हती. म्हणजे पदर दोनशे वर्षांनी आलेला नव्हता. पण एवढ्याने फ्राउ डॉक्टर ऐकणार नव्हत्या. त्या म्हणणार, पाच वर्षांनी दुसऱ्या कोणी घातला असेल, त्याच्या मुलाने घातला असेल, आणि नियम म्हणजे नियम. मला त्या माणसाची सही हवी होती, आणि त्या काळचे चित्रकार सही करत नसत.

गुरुवारी सकाळी मी हात धुवत होते आणि एकदम बाबांचा अंगठा आठवला. आमचा गणपतींचा कारखाना. मूर्ती पाटावर बसवायच्या आधी बाबा तिच्या बुडाखालच्या ओल्या मातीत अंगठा दाबायचे. नाव नाही, शिक्का नाही, नुसता अंगठा. गिऱ्हाइकाला तो कधीच दिसायचा नाही.

मी दिवा चित्राच्या कडेला, अगदी आडवा धरला. तसा धरला की रंगावरचा बारीकसा उंचवटाही सावली टाकतो. देवदूतांच्या हिरव्या पंखांवर तो पातळ, चकचकीत रंग ब्रशाने सारखा केलेला नव्हता. ओला असताना अंगठ्याने टिपलेला होता. त्या काळी बरेच चित्रकार तसं करत. डाव्या देवदूताच्या पंखावर दोन ठसे, उजव्याच्या पंखावर एक. तिन्ही ठशांवर अंगठ्याच्या रेषांना तिरकी छेदत जाणारी एक जखमेची खूण, टोकाला दुभंगलेली. कधीतरी चाकू लागला असणार.

मग मी दिवा लाल पदराकडे नेला. अर्धा तास काही दिसलं नाही. मग कोपराच्या खाली, एका चुणीच्या सावलीत, दिसला. अंगठा. तिरकी खूण. टोकाला दुभंगलेली.

मी खुर्चीत बसले आणि रडले. आनंदाने रडले की कशाने, ते तेव्हा कळलं नाही.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता फ्राउ डॉक्टर आल्या. काखेत निळी फाइल. टेबलाकडे पाहून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हात कुठे आहे?"

"जिथे होता तिथेच. मी पदर काढणार नाही, फ्राउ डॉक्टर."

"तुमचं पत्र मी अजून लिहिलेलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

मी कपाट उघडलं. बोळ्यांची बरणी, द्रावणाची बाटली आणि भिंग त्यांच्यापुढे ओळीने मांडलं. "पुरावा इथे आहे. आधी भिंगातून बघा. तरीही काढायचा असेल तर बोळा हा. पण तो तुमच्या हाताने."

त्यांनी पंखांवरचे तिन्ही ठसे पाहिले. मग मी दिवा पदरावर धरला. त्या वाकल्या आणि वाकूनच राहिल्या. फाइल काखेतून निसटायला लागली तशी त्यांनी ती न बघताच घट्ट दाबली. बाहेर फोटोग्राफरची गाडी आली, दार वाजलं, कोणीतरी त्याला थांबायला सांगितलं. त्या अजून वाकलेल्याच होत्या.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून कसं ठाऊक होतं?" शेवटी त्यांनी विचारलं. "ठशाच्या आधीपासून. मला तुमचा चेहरा दिसत होता."

तेव्हा मी त्यांना सांगितलं. घरापासून इतक्या दूर ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"माझे वडील गणपती करायचे. हत्तीचं तोंड असलेला आमचा देव. त्याची सोंड बहुतेक डावीकडे वळलेली असते. उजवीकडे वळलेली असली की तो देव कडक. त्याचं सोवळं पाळावं लागतं, पहाटे आंघोळ, वेगळा स्वयंपाक, कशाला कसला स्पर्श व्हायला नको. साध्या घराला झेपत नाही ते. मी दहा वर्षांची असताना महाडच्या एका गिऱ्हाइकाने कॅलेंडरवरचं चित्र आणून दिलं, अस्साच हवा म्हणाला. वडिलांनी ते पातळ कागदावर उतरवून घेतलं. काम करताना कागद भिंतीवर लावला. तो उलटा लागला."

फ्राउ डॉक्टर खुर्चीवर बसल्या.

"चतुर्थीला दोन दिवस राहिले तेव्हा गिऱ्हाइक न्यायला आलं आणि दारातच मागे सरलं. उजव्या सोंडेचा! आमच्याकडे सोवळं कोण पाळणार? कारखान्यातले कामगार म्हणाले, दादा, दोन तासांत सोंड फिरवून देतू. बाबांनी त्यांना हात लावू दिला नाही."

बाबांचे शब्द मी आधी मराठीत म्हणाले, ते जर्मनमध्ये आधी आलेच नाहीत. "डोलं आखलेत. आता तो बगतंय. बगनाऱ्याला मोडायचा नाय." मग त्यांना अर्थ सांगितला. डोळे आखणं हे मूर्तीचं शेवटचं काम. ते झालं की मूर्ती पाहू लागते.

"मग त्या गिऱ्हाइकाचं काय झालं?"

"आमच्या घरासाठी केलेला गणपती बाबांनी त्याला देऊन टाकला. आणि उजव्या सोंडेचा आमच्या घरी बसवला. आई घाबरली होती. तिला ते म्हणाले, चूक माजी हाय, मंग सोवलं पन माजंच. दहा दिवस पहाटे विहिरीवर आंघोळ, ओल्या पंच्याने पूजा, स्वतःच्या हाताने नैवेद्य. आणि एका वर्षाचं नाही. मरेपर्यंत दरवर्षी आमच्या घरी उजव्या सोंडेचाच आला. कोणी विचारलं तर म्हणायचे, आमच्याकडे तसाच असतो."

मग फ्राउ डॉक्टर म्हणाल्या, "पण तुमच्या वडिलांनी मूर्ती बदलली नाही. याने तर झाकला."

"झाकला, पण खरवडला नाही. त्याला हात पुसून टाकता आला असता. सोपं होतं ते. ओला रंग फडक्याने जातो. त्याने आधी तो हात नखांसकट पूर्ण केला, आयुष्यातला सगळ्यात सुंदर हात. मग चूक कळली. त्याने तो खाली तसाच राहू दिला आणि आपल्याजवळचा सगळ्यात महागडा लाल रंग त्याच्यावर पांघरला. फ्राउ डॉक्टर, मोठ्या माणसांकडे शिकून आलेला माणूस कागद उलटा धरत नाही. तो मूळ चित्र डोळ्यांसमोर आणतो. याने ते कधी पाहिलंच नव्हतं. याच्याजवळ एक भोकं पाडलेला कागद होता, बस. त्यावरून त्याने हे केलं."

मी हे बोलले आणि मग घाबरले. कारण वीस वर्षांची फाइल त्यांच्या मांडीवर होती.

त्यांनी ती उघडली. खिशातून पेन काढलं. 'ब्रुजहून परतलेला चित्रकार' या अक्षरांवर एक सरळ रेघ मारली, कुठेही न थरथरता. त्याखाली काहीतरी लिहिलं आणि फाइल माझ्याकडे वळवली. लिहिलं होतं: 'गाव न सोडलेला चित्रकार'.

"फोटोग्राफरला आत बोलवा," त्या म्हणाल्या. "पदराचा फोटो घ्यायचा आहे. अंगठ्याचाही."

आतला हात पुस्तकात एका पानावर गेला. भिंतीवर नाही. पत्र मला त्याच दिवशी मिळालं. त्यात माझ्याबद्दल 'अत्यंत हट्टी' असं लिहिलेलं होतं आणि ते गुण म्हणून लिहिलेलं होतं.

पुढच्या वर्षी ईस्टरनंतरच्या रविवारी हेर लामर्सनी आम्हा दोघींना हार्डेनस्टेटला बोलावून घेतलं. चित्र आपल्या जागी परत गेलं होतं. चर्च गच्च भरलं होतं आणि माणसं आपापली जोडी शोधत होती. फ्राउ डॉक्टर कधीच चर्चला जात नसत. त्या मागच्या खांबापाशी उभ्या राहिल्या होत्या, काखेत निळी फाइल. हेर लामर्स सरळ त्यांच्याकडे गेले, त्यांना दंडाला धरून पुढे आणलं आणि माझ्यासमोर उभं केलं.

"दंडक माहीत आहे ना?" ते म्हणाले. "ज्याच्याशी पटलं नाही, त्याच्यासमोर."

मी हात उचलून त्यांच्या पांढऱ्या केसांवर ठेवला. मग त्यांची पाळी आली. त्या गोंधळल्या. फाइल उजव्या काखेत होती आणि ती सोडायचं त्यांना सुचलंच नाही. त्यांनी डावा हात उचलला. हेर लामर्स त्यांना थांबवायला पुढे झाले.

"राहू द्या," मी म्हणाले.

आमच्या घरी कोणी डाव्या हाताने साधा प्रसाद दिला असता तरी आईने फटका मारला असता. मी मान खाली घातली आणि तो डावा हात डोक्यावर घेतला. बाबा जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की त्यांच्या चुकीचं ते सोवळं आता फिटलं.